खाजाची पाण्याखालची खोली

धुळ्याच्या देवपुरात खाजाचं ग्रिलचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे, गोठ्याची फाटकं, असलं सगळं तो जोडतो. माणूस बारीक, कान मोठे, बोलणं कमी. मापाला मात्र भलताच खडूस. माझ्या फाटकाचं माप मी दोन इंच चुकीचं दिलं, तर भर गल्लीत त्यानं मला झापलं होतं, आणि मी त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. मला लोक रुपचंद नाना म्हणतात. नाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझीही लाज निघणार आहे आणि ती निनावी राहू नये.

आमचं गाव धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेच्या काठी. गावाला जुना दगडी बंधारा आहे, त्यातून निघणारा पाट आहे आणि पाटाखाली फड आहे. फड म्हणजे सलग जमीन, मालक अनेक, पीक सगळ्यांचं एकच आणि पाणी पाळीनं. ही पाळी सांभाळणाऱ्याला पाटकरी म्हणतात. आमचा पाटकरी निंबा. खाजाची आजी आमच्याच गावची, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्या त्यानं इथेच काढल्या. निंबानं त्याला ह्याच बंधाऱ्यात पोहायला शिकवलं. पुढे दोघांची लग्नं झाली, निंबाचं पोट सुटलं, पण दोस्ती तशीच राहिली. निंबाच्या घरातली पहिली चपाती खाजाला मिळायची आणि निंबाची बायको दिपमाला त्यावरून दोघांना चिडवायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बंधारा तुडुंब आणि पाट कोरडा असा प्रकार झाला. बंधाऱ्याच्या तळाशी पाटात पाणी सोडणारी मोरी असते, ती तुंबली होती. दहा-बारा फूट पाण्याखाली गाळ, बेशरमीच्या झुडपांची मुळं आणि मासेमारांची फाटकी जाळी. फडात गहू पेरलेला. सरकारी माणूस आला, काठावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, उन्हाळ्यात बंधारा आटला की काढू. उन्हाळ्यात गव्हाचं काय करायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

मग निंबा आणि खाजा बुड्या मारायला लागले. एका दमात अर्धा मिनिट काम व्हायचं. वर यायचं, धापा टाकायच्या, पुन्हा खाली गेलं की गढूळ पाण्यात मघाची जागा सापडायची नाही. चार दिवसांनी खाजा वैतागला.

"वर येवानं कामच काय शे?" तो म्हणाला. "दम खालेच ठेऊत."

आम्हाला वाटलं, पाणी कानात गेलं. त्यानं बादली मागवली, पेल्याच्या बुडाशी वर्तमानपत्राचा तुकडा कोंबला, पेला उलटा करून पाण्यात दाबला आणि काढून दाखवला. कागद कोरडा होता. असाच मोठा पेला करायचा आणि त्यात आपण बसायचं, एवढीच त्याची योजना.

मोठा पेला म्हणजे पाचशे लिटरची काळी टाकी, तोंडाकडून कापलेली आणि उलटी घातलेली. पहिल्या दिवशी ती बुडेचना. उसळून खाजाच्या हनुवटीवर आदळली आणि त्याला तीन टाके पडले. मग त्याला कळलं की एवढी हवा खाली न्यायला अर्धा टन वजन लागतं. त्यानं अँगलची चौकट जोडली, तिच्यावर वाळूची पोती रचली, आत बसायला आडवा गज लावला. आत बसलं की छातीपर्यंत पाणी आणि डोकं कोरडं. हवेसाठी आधी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून बघितला, पण त्या हवेला तेलाचा वास, खाजा ओकत वर आला. शेवटी त्यानं दोन दांड्यांचा हातपंप बनवला. तो काठावरून सतत मारत राहायचा, म्हणजे नळीतून ताजी हवा आत जाते आणि उष्टी हवा टाकीच्या कडेखालून बुडबुडे होऊन निघते. पंप थांबला की आतला माणूस आपलीच उष्टी हवा पुन्हा पुन्हा घेत राहतो. आधी डोकं दुखतं, मग भान जातं. खाजानं हे मला चार वेळा समजावलं, कारण पंप माझ्याकडे होता.

गावानं चेष्टा करायची ती केलीच. "खाजाभाऊ, टाकीमझार चहा भेटस का?" असं शेवंताबाई रोज विचारायची. खाजा तिलाच आणायला सांगायचा, "दूध लई ये."

दोर निंबाकडे होता. खाजाच्या कमरेला बांधलेला हा दोर, दोन झटके आले की ओढायचा. ह्या दोराबद्दल आमच्या गावात जुना दंडक आहे. पाण्यात माणूस असताना दोर हातातच हवा. झाडाला नाही, दगडाला नाही. दोर धरणाऱ्यानं त्या वेळात विडी ओढायची नाही, कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. निंबाचा बाप झुलाल आबा याच बंधाऱ्यावर दोर धरायचा. तो म्हणायचा, "दोर बांधानी चीज नही, धरानी शे." निंबा हे ऐकतच वाढला. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

टाकीमुळे खाजा तासतासभर खाली राहायला लागला. मोरीवर काम करायचं, दोन हात मागे येऊन टाकीत दम घ्यायचा, पुन्हा मोरीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोरीतला तुंबा फुटला आणि पाटाला पाणी सुटलं. बायका धावत आल्या, कुणी गुलाल आणला. पाणीवापर संस्थेचे चेअरमन हितेंद्रभाऊ, ज्यांनी इतके दिवस बंधाऱ्याकडे फिरकून बघितलं नव्हतं, ते अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर झाले. सोबत फोटोवाला, शाली, टोप्या, नारळ. आमच्याकडे सत्काराचं सामान गाडीत कायम असतं.

खाजा अजून खालीच होता. मोरीच्या तोंडाशी उरलेली जाळी कापली नाही तर आठ दिवसांत पुन्हा तुंबेल, म्हणून तो राहिला होता.

"खाजाभाई येतीलच वर," हितेंद्रभाऊ म्हणाले. "तोवर निंबाभाऊंचा सत्कार उरकून घेऊ. मला पुढे साक्रीला लग्न गाठायचंय."

निंबाचं नाव पुकारलं. मी पंप मारता मारता बघत होतो. त्यानं दोराकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि दोर बाभळीला दोन वेढे देऊन बांधला. मला त्याचा राग आला, हे खरं. तेवढ्यात "आणि आपले रुपचंद नाना" असं ऐकू आलं, आणि मी पंप सोडून उठलो, हेही खरं. दोन मिनिटांचं काम, असं मी मनाशी म्हणालो. हितेंद्रभाऊ भाषणात सांगत होते की हे पाण्यातलं घर आपल्या निंबाभाऊंच्या डोक्यातून निघालं. टोपी घालून घ्यायला निंबानं मान खाली केली. भाषण वीस मिनिटं चाललं. मी शाल सावरत उभा होतो.

खाली काय झालं ते खाजानं नंतर फक्त जमीलाला, त्याच्या बायकोला सांगितलं, आणि तिच्याकडून ते माझ्यापर्यंत आलं. पाण्याच्या ओढीनं जाळं त्याच्या पायाला गुंडाळलं आणि पाय मोरीकडे खेचला गेला. त्यानं दोन झटके दिले. दोर ताठ होता, म्हणून त्याला वाटलं निंबानं धरलाय. पुन्हा दिले. मग टाकीत डोकं घालून वाट बघत बसला. बुडबुडे थांबले तेव्हा त्याला निंबाची काळजी वाटली. काठावर काहीतरी अपघात झाला असणार, असं त्याला वाटलं. डोकं फुटायला लागल्यावर त्यानं करवतीच्या पात्यानं जाळं कापलं, त्यात स्वतःची पोटरीही कापली गेली, आणि तो एकटाच वर आला.

आम्ही टाळ्या वाजवत होतो. खाजा काठावर उभा, पायातून रक्त. त्यानं कमरेचा दोर नजरेनं बाभळीपर्यंत बघितला.

"दोर कोन्ही बांधा?"

निंबाच्या डोक्यावर टोपी होती. "कोठे बांधा? मन्हा हातमाच व्हता. टोपी घालापुरता आतेच ठेवा."

खाजा माझ्याकडे वळला. "नाना, तुम्ही सांगा."

मला एक वाक्य बोलायचं होतं. समोर चेअरमन, गाव, फोटोवाला. मी म्हणालो, "मी पंपवर व्हतू. माले काय दखायनं नही."

ज्या माणसाला हवा मिळाली नव्हती, त्याला मी हे सांगितलं. तो ओल्या कपड्यांनी मोटारसायकल काढून निघून गेला. टाकी तशीच खाली राहिली, पंप तेवढा त्यानं नंतर माणूस पाठवून नेला.

गहू चांगला आला. निंबाचा फोटो संस्थेच्या भिंतीवर लागला. त्याला झोप लागत नाही, असं दिपमाला एकदा बोलून गेली. मला लागते, वयामुळे असेल.

यंदा मोरी पुन्हा तुंबली. मी आणि निंबा देवपूरला गेलो. मला वाटलं खाजा हाकलून देईल, आणि तेच बरं झालं असतं. पण त्यानं खुर्च्या पुसल्या, जमीलाला चहा सांगितला. निंबानं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "टाकी तठेच शे. पंप घी जा, मी दुरुस्त करी ठेयेल शे. यंदा निंबाभाऊ उतरी. मी दोर धरसू."

टोमणा नव्हता. दुकानातला अंगरखा काढून तो खरंच निघायच्या तयारीत होता.

निंबा कपातल्या चहाकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, "खाजा, नक्की धरशी ना?"

खाजानं अंगरखा पुन्हा चढवला आणि आमच्याकडे पाठ करून गज कापायला घेतला. दोन वर्षांपूर्वी तीन दिवस दोर निंबाच्या हाती देऊन तो पाण्यात उतरत होता, आणि हा प्रश्न त्यानं निंबाला एकदाही विचारला नव्हता.