खिशातली पट्टी

मामा दुकानात शिरले की आधी घड्याळ काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचे. चहा विसरायचे आणि गार झाला म्हणून मामीवर चिडायचे. स्क्रू ओठांत धरून बोलायचे. गिऱ्हाईक जितकं तापेल तितके हे थंड. आणि शर्टाच्या खिशात, पेन ठेवावं तशी, बोटभर लांबीची लोखंडाची पट्टी.

जुन्या इंजिनांचे मॅग्नेटो दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मॅग्नेटोतलं नालाच्या आकाराचं लोहचुंबक थकलं की ठिणगी पडत नाही. मामा ते पुन्हा भारून द्यायचे. वरच्या मजल्यावरची मुलगी साहित्यात पदवी घेतलेली, म्हणून ते तिला 'विदुषी' म्हणायचे.

"ही पट्टी कशाला, मामा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"नालाची दोन्ही तोंडं उघडी राहिली की त्याचं बळ त्याच्यावरच उलटतं. मध्ये पट्टी घातली की बळाला फिरायला वाट मिळते. आतल्या आत फिरतं, म्हणून टिकतं."

"पट्टीत काय जोर असतो?"

"काही नाही. मऊ लोखंड. काढली की पुन्हा कोरी."

"ऐकलंस? माझं कौतुक चाललंय," मामी आतून म्हणाली.

"तू आणि मऊ?" मामा हसले आणि ओठांतला स्क्रू खाली पडला.

मागच्या आठवड्यात काम करता करता मामा बाकावरच कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत आटोपलं होतं.

आज मामीनं दुकान उघडलं. विदुषी सोबत होती. घड्याळ खिळ्यावर चालू होतं. थोड्या वेळानं होडीवाला आला. त्याची होडी काठाला बांधून पडली होती. त्याच्या इंजिनाचा नाल भारणीच्या यंत्रावर, दोन लोखंडी खांबांवर तसाच बसलेला होता. त्यानं हात पुढे केला.

"उचलू नका!"

आपण ओरडलो हे विदुषीला उशिरा कळलं.

"अगं, बटण बंद आहे," मामी म्हणाली.

"बंदच आहे. पण खालचं लोखंड त्याला धरून आहे. आधी पट्टी लावायची, मग सरकवून काढायचं. उघडा निघाला तर बळ जातं. मागाहून पट्टी लावली तरी गेलेलं परत येत नाही. मामांनी शेवटचा भारलाय तो."

होडीवाल्यानं हात मागे घेतला.

पट्टीसाठी तिघांनी खण उपसले. बाकाखाली पाहिलं. इतर पट्ट्या इतर नालांवर बसलेल्या होत्या, त्यांना हात लावायची सोय नव्हती. मामी आत गेली. दवाखान्यातून दिलेली पिशवी घेऊन आली. ती अजून कुणी सोडली नव्हती. आतला शर्ट पुढून कापलेला होता. खिसा शाबूत होता.

पट्टी त्यातच होती.

"गार आहे," मामी म्हणाली.

"द्या वहिनी, ही सांगेल तशी लावतो."

मामीनं मूठ मिटली. होडीवाल्यानं बसायला स्टूल ओढलं. मग ते कुणाचं हे आठवून तो उभाच राहिला.

"बसा," मामी म्हणाली. "देते."

तो बसला. मामीची मूठ उघडली नाही. विदुषीनं मागितली नाही.

यंत्रावर नाल भारून तयार होता. पट्टी लावायची, सरकवून काढायचा. तेवढंच राहिलं होतं.