कासमभाईचा खोकला

गाडीत बसल्यावर कासमभाई सगळ्यांत आधी खोकून घेई. डबाभर माणसे वळून पाहीपर्यंत खोके, मग अंगरख्यावरचे कापसाचे तूस झटकत म्हणे, "घाबरू नका बाप्पा, पिंजारी हावो. कापूस घशात बसते आमच्या. ज्या दिवशी पिंजारी खोकत नाही, त्या दिवशी त्याची चूल पेटत नाही."

लोक हसत. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा खोकला त्या हसण्यात झाकला जाई.

कासमभाई वाशिमात गाद्या भरी. गावातल्या दोन क्षयरोग्यांना त्याने असेच डोंगरातल्या दवाखान्यात पोचवले होते. क्षयाचा माणूस ओळखू आला की लोक डब्यात ठेवत नसत. माझ्या थोरल्या भावाची, वसंतादादाची पाळी आली तेव्हा वडील हयात नव्हते आणि काका यायला तयार नव्हते. दवाखान्याने खाट शनिवारपर्यंतच राखली होती.

अकोल्याला आम्ही तिघे कलकत्ता मेलमध्ये चढलो. गोंदियाला उतरून डोंगरात जाणारी छोटी गाडी धरायची होती. कासमभाईने दादाच्या केसांत मूठभर तूस चोळले. "तू आता माहा कारागीर. खोकला आला तं दाबू नको, मी हावो ना संगं."

बडनेऱ्यापर्यंत हे निभले. पुढे दादाच्या हातातला रुमाल खाली पडला. समोरच्या बाईने पाय वर घेतले.

"अगं माय! रगत! कोनाचं व्हय हे?"

कासमभाईने रुमाल उचलला आणि त्याने स्वतःचे तोंड पुसले.

"माहं व्हय, बाई. मले क्षय हाय."

डब्यात रिठदचा एक रुईचा दलाल होता. तो कासमभाईला ओळखत होता. "काहून रे कासम, लोकायच्या गाद्या भरतं तू!" असे तो ओरडला. वर्ध्याला लोकांनी गार्डला बोलावले. कासमभाई मुकाट उतरला. मी उठू लागलो, तर खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली, बापू. शनिवार चुकवू नको."

आम्ही शुक्रवारी पोचलो. दादाला खाट मिळाली. पाचव्या महिन्यात तो तिथेच गेला.

दादाला पोचवून मी परतलो तेव्हाच दलालाने आणलेली बातमी गावभर झाली होती. कासमभाईकडे कोणी गादी टाकीना. मी आईला म्हणालो, खरे काय ते सांगून टाकू. बहीण शांती लग्नाची होती. आई म्हणाली, "अन् शांतीले कोन करून घेईन? घरात क्षय होता म्हनून सांगतं?" दादा नागपूरला नोकरीला आहे, असे आम्ही सांगत होतो. तो गेल्यावर टायफॉइडने गेला म्हणून सांगितले.

कासमभाई एकदा बाजारात भेटला. मी काही बोलण्याआधीच म्हणाला, "बोलू नको. बहीन उजव आधी."

शांतीचे लग्न तीन वर्षांनी झाले. रुखवताच्या गाद्या भरायला आम्ही रिसोडचा पिंजारी आणला. कासमभाई तोवर केनवडच्या बाजूला दगड फोडायला जाऊ लागला होता. लग्नानंतरही मी बोललो नाही. आधी तिचे सासर होते, मग तिची मुले झाली.

खाणीत दरड कोसळून तो गेला. त्याच्या मयतीला चारच माणसे होती. बाकीचे लागण होईल म्हणून आले नाहीत. मीही गेलो नाही.

कासमभाईला क्षय नव्हता.