फ्रिजजवळचे कोळी

गल्लीतली पोरं तिला कोळीवहिनी म्हणायची. प्रयोगशाळेत कोळी वाढवायची नोकरी तिची. त्यांना माश्या खाऊ घालायच्या, नर-मादी एका बरणीत सोडायचे आणि अंड्यांची वाट बघायची. यंदा अंड्यांचा पत्ताच नव्हता. तिने ऊब वाढवली, ओलावा वाढवला, माश्यांची मेजवानी दिली. नर कोपऱ्यात ढिम्म बसायचा, आणि एखादा पुढे सरकलाच तर मादी त्याला सरळ गट्टम करायची. सर रोज बरण्यांत डोकवायचे आणि सगळं हिनेच अडवून धरल्यासारखे तिच्याकडे बघायचे.

घरी तरी वेगळं काय होतं! लग्नाला चार वर्षं झालेली. सासूबाई दूध-बदाम पुढ्यात ठेवून गोड बातमी विचारायच्या. आत्याबाई आल्या की त्याही विचारायच्या. मूल तर तिलाही हवं होतं, पण नवरा-बायकोच्या खोलीला दाराऐवजी पडदा, कारण हवा खेळती राहायला हवी हा सासूबाईंचा हट्ट. पडद्यापलीकडे सासरे खोकायचे. दाराचं काढलं की नवरा ‘बघू’ म्हणून कूस बदलायचा. 

एका दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली. फ्रिजची घरघर थांबली, आणि थोड्या वेळाने एका बरणीतला नर पुढचे पाय आपटून ठेका धरू लागला. मादी वळली, पण खायला नव्हे. वीज परत आली तसा ठेका विस्कटला. तिने बरण्यांखालच्या फळीवर हात ठेवला, तर फळी थरथरत होती. ऊब मिळावी म्हणून बरण्या फ्रिजच्या गरम पाठीला खेटून तिनेच ठेवल्या होत्या. दिवसभराच्या त्या थरथरीत बिचाऱ्याची साद मादीला कळणार कशी? तिला तो भक्ष्यच वाटायचा. कोळीवहिनीला स्वतःचाच संताप आला. तिने सगळ्या बरण्या मागच्या अडगळीच्या खोलीत हलवल्या, दार लावून घेतलं आणि सरांनाही आत येऊ दिलं नाही. काही दिवसांत माद्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या घेऊन हिंडू लागल्या.

त्या आनंदात तिने घरी सांगितलं. आत्याबाई आलेल्याच होत्या.

“ऐकलंत? हिच्या कोळ्यांनासुद्धा पोरं होतात,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. “हिलाच काय धाड भरलीय कोण जाणे.”

इतकी वर्षं गिळलेलं आज ती बोलून गेली.

“आई, त्यांच्या खोलीला दार आहे.”

पलीकडे सासऱ्यांचा खोकला थांबला. मग ते टेप घेऊन आले आणि कोणाकडेही न बघता पडद्याची चौकट मोजू लागले.