टिंब पुसलं तेव्हा

हे मी ठकूलाही सांगितलं नाही. बायको होती ती माझी. एका चुलीचं खाल्लं आम्ही, आणि नेमकं तिच्यापासूनच हे जपून ठेवलं. श्रावणात ती गेली. आता घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून सांगतो — नाही, हे ‘म्हणून’ही खोटंच. ती होती तोवर भ्यालो, एवढंच.

माझं शिक्षण दोन यत्तांचं. काना-मात्रा चुकेल, तो तसाच वाचा.

कोलशेतला खाडीकाठी आमची मिठागरं. सकाळी होडी येईपर्यंत आम्ही चारपाच जण छपरीत थांबायचो. छपरीच्या भिंतीवर रोज एक कोडं असायचं — कोळशाने लिहिलेलं, दोन ओळींचं, यमक जुळवून. ज्याला सुचेल त्याने आधी येऊन गुपचूप लिहायचं. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा, मग लिहिणाराही ओळखायचा. पहिलं अक्षर काढा, मधलं बदला, असली ती कोडी. पोट धरून हसायचो. त्यात वाईट काय होतं? काही नाही. वाईट मी आणलं.

काशी, ठकूचा धाकटा भाऊ, आमच्यात सगळ्यांत हुशार. माझं कोडं तर तो अर्धी ओळ वाचूनच फोडायचा. “दाजी, हे तुमचंच. यमक लंगडतंय!” सगळे हसायचे. मीही हसायचो — आणि घरी भाकरी गोड लागत नव्हती. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच.

आगगाडी कल्याणपर्यंत जाऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. काशीचं लग्न कल्याणच्या एका घरात ठरलं, सुपारी फुटली. तेव्हाच ठकू माहेरून रडवेली होऊन आली. चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, “काशीच्या पाठीवर दोन पांढरे डाग उठलेत. आई रोज बावची उगाळून लावते. कोणाला कळता कामा नये हो.” अंगावर कोड फुटलेल्याला मुलगी कोण देतो?

मी मान हलवली. आणि त्या बसल्या जागी — सांगतोच आता — माझ्या मनात दुःख नाही आलं. यमक आलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेलो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं —

रोज घालता, रोज सोडवता, ओळखा मी कोण?
टिंब पुसा, मग बंडीखाली मोजा डाग दोन.

काशीने वाचलं. त्याला कितीसा वेळ लागणार? पण बोलला नाही. उत्तर येत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू — फार गोड वाटलं.

“काय रे काशा, आज दातखीळ बसली?” दामू म्हणाला. दामू आमचा शेजारी, भिंतीला भिंत. मग त्यानेच डोकं खाजवत फोडलं. “रोज घालतो, रोज सोडवतो — कोडं! टिंब पुसलं की — कोड! आयला, कोणाच्या बंडीखाली रे? काढा, काढा बंड्या सगळ्यांनी!” त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याची थट्टाच होती ती.

पहिली बंडी मी काढली.

मग एकेकाने काढली, हसत हसत. काशी तसाच उभा, दोन्ही हात छातीशी धरून. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. कोणी त्याला हात लावला नाही. लावायची गरजच उरली नाही.

आठ दिवसांत कल्याणहून निरोप आला. लग्न मोडलं. काशी एका सकाळी ठाण्याला गाडीत बसला, तो परत आला नाही. सासूबाईंनी अंथरूण धरलं, त्यातच त्या गेल्या.

ठकूने एकदाच विचारलं. “मी फक्त तुम्हाला बोलले होते.”

मी म्हणालो, “दामूने खाडीत आंघोळ करताना पाहिलं असेल. त्यानेच नाही का फोडलं?”

तिने मानलं. नवऱ्याचं का नाही मानणार?

त्यानंतर दामूच्या घरचं पाणी तिने घेतलं नाही. त्याची बायको बाळंतपणात तीन दिवस अडली, ओरडणं भिंतीतून ऐकू येत होतं, तरी ठकू उठली नाही. “वहिनी का रे रागावल्यात?” दामू विचारायचा. “बायकांचं काय सांगावं,” मी म्हणायचो. मी कोडी घालणं सोडलं, तर लोक म्हणाले मेहुण्याचं दुःख आहे. तेही ऐकून घेतलं. दर भाऊबीजेला ठकू काशीच्या नावाने चंद्राला ओवाळायची. वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून हाताचा आडोसा कोण धरायचं? मीच.

शेवटच्या दुखण्यात तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, “दामूभावोजींना सांगा, माझ्या मनात आता काही नाही. मी माफ केलं त्यांना.”

“सांगतो,” म्हणालो.

दहाव्याला दामू काठी टेकत आला. त्याला आता नीट दिसत नाही. माझा खांदा चाचपून शेजारी बसला. म्हणाला, “वहिनी जाताना माझ्याबद्दल काही बोलल्या का रे?”

“नाही,” मी म्हणालो.