बर्फाची दरड आणि लाल बावटा

मी चौथी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्या लिहिण्यातल्या चुका काढायला नको. पण घाटरस्त्यावर मैलकुली म्हणून तेहतीस वर्षं काढली आहेत. मैलकुली म्हणजे काय हे आता कुणाला ठाऊक नसतं. सरकार तुम्हाला रस्त्याचा एक मैल देतं. त्यातले खड्डे तुमचे, मोऱ्या तुमच्या, आणि पावसाळ्यात कोसळणारी दरडही तुमचीच. माझ्या मैलात दरडीखाली एक माणूस गेला नाही. एक बोकड गेला, पण तो कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता.

वीस सालच्या फेब्रुवारीत मी मुलाकडं आयर्लंडला आलो, तीन महिन्यांसाठी. मग टाळेबंदीत विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचं वरीस झालं. मुलाचं ऑफिस चेरीवूडला, पण तेही आता वरच्या खोलीत येऊन बसलं होतं. सूनबाई डॉक्टर, सरकारी दवाखान्यात. तिघांच्या घरात माझं म्हणावं असं एकच काम होतं. सकाळी एकट्यानं कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जायचं, तिला हात लावायचा आणि परत यायचं. पत्र कुणाला पाठवत नव्हतो. पण हात लावल्याशिवाय फेरी पुरी झाली असं वाटत नसे.

जानेवारीत मी कचरापेटीजवळ घसरलो. हाड शाबूत राहिलं. पण सूनबाईनं वाकून बघितलं, बोटानं बर्फ खरवडला आणि त्यात तांदळाचे दोन कण सापडले. मी रोज तांदळाचं धुवण तिथल्या गुलाबाला घालायचो. तेच रात्रीत गोठलं होतं.

"आबा, हा बर्फ तुम्हीच केलाय," ती म्हणाली.

"गुलाब बघ किती खूश हाय."

"आमच्या वॉर्डात एक खाट रिकामी नाही. तुम्ही खुबा मोडून आलात तर मी कुठं ठेवू तुम्हाला? प्रेसमध्ये?"

इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ती इथल्यासारखंच बोलते. हुकूम सुटला. थंडी संपेपर्यंत एकट्यानं उंबरा ओलांडायचा नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, ड्यूटीवर होती.

त्याच आठवड्यात घरामागच्या डोंगरावर बर्फ पडला. पाच किलोमीटरच्या आतच फिरायचा नियम होता, आणि डोंगर बरोबर त्याच्या आत बसत होता. मुलगा दोन दिवस फोनमध्ये डोकं घालून बसला. वारा कुठला, बर्फ कुठल्या अंगाला साचतो, खालचा कडक आणि वरचा भुसभुशीत असला की थर कसा सुटून येतो, सगळं मोठ्यानं वाचायचा. मी म्हटलं, "ही तर आमची दरडच हाय. नुसता रंग पांढरा." रविवारी सूनबाईला सुट्टी होती. मी पैज लावली.

"डोंगर चढून न पडता खाली आलो, तर माझी फेरी मला परत. एकट्याची."

"आणि पडलात तर?"

"तर उन्हाळ्यापर्यंत हीटरशेजारी बसंन. कोंबडी बसती तसा."

"ठरलं," सूनबाई म्हणाली. मुलानं कपाळाला हात लावला.

चढताना काही झालं नाही. बुटांवर जुने लोकरी मोजे चढवले होते, पावसाळ्यात शेवाळावर चालायला आम्ही बुटाला सुतळी बांधायचो तसे. मुलगा नव्या महागड्या बुटात दोनदा बसला. मी मोजत होतो, पण बोललो नाही. एकदाच बोललो.

उतरताना वाट एका जुन्या दगडखाणीजवळून जाते. एका अंगाला दोन पुरुष उंचीचा कडा, आणि त्याच्या माथ्यावर वाऱ्यानं बर्फाची वळचण बाहेर काढलेली. मी थांबलो. वळचणीमागं, माथ्यावर, हातभर लांबीची भेग दिसत होती. माथ्याला भेग दिसली की रस्ता बंद. हे मला झोपेतसुद्धा कळतं.

"आबा, चला," मुलगा म्हणाला. "फोनवर दिलंय, या डोंगराला धोका नाही. इथं तेवढा बर्फच पडत नाही."

"तुझा फोन कधी दरडीखाली उभा राहिलाय का?"

आणि मी खिशातून बावटा काढला. लाल, माझ्या नोकरीतला, उन्हानं गुलाबी पडलेला. विमानतळावर सरकत्या पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून बॅगेच्या मुठीला बांधून आणला होता, तेव्हापासून कोटाच्या खिशातच होता. हातातल्या काठीला बांधला आणि वाटेच्या मधोमध उभा राहिलो. रविवार होता, डोंगरावर जत्रा. खालून येणारी माणसं थांबली. काय विचारतात ते कळत नव्हतं. मी कड्याकडं बोट दाखवलं, मग तळहात वरून खाली आणला. सगळ्यांना कळलं. ती माणसं एकमेकांपासून दोन-दोन मीटर अंतर सोडून गुमान रांगेत उभी राहिली. एवढी शिस्तीची रांग मी घाटात कधी पाहिली नव्हती. घाटात ट्रकवाले आईवरून बोलायचे.

"लोक बघतायत हो," मुलगा दातओठ खाऊन म्हणाला.

"बघू दे. बघायलाच बावटा असतो."

वरच्या अंगाला पण माणूस हवा होता. एक गोरा म्हातारा होता, कुत्रं घेऊन आलेला, माझ्याच वयाचा. मी त्याला हातानं दाखवलं, तू तिकडून सोड, मी इकडून सोडतो, एका वेळी एक बाजू, कड्यापासून लांब, गवताच्या कडेनं. तो म्हणाला, "ग्रँड." इथं सगळ्याला ग्रँड म्हणतात, पाऊस आला तरी ग्रँड. गळ्यातला मफलर काढून तो हलवायला लागला. आम्ही पंधरा-वीस मिनिटं असा रस्ता चालवला की दोन्हीकडच्या माणसांनी जाताना आम्हाला मान लववून नमस्कार केला. त्याचं कुत्रंसुद्धा बसून राहिलं.

पण दरड काही येईना. रांगेतली एक बाई घड्याळ बघायला लागली. मुलगा फोन बघायला लागला. सूनबाई काहीच बघत नव्हती, हसू दाबत होती, आणि तेच मला झोंबलं.

म्हटलं, थांबा, आता पाडूनच दाखवतो. काठी उचलली आणि वळचणीला खालून ढोसलं.

खालून. तेहतीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं की सुटी दरड बाजूला उभं राहून पाडायची, खालून कधी नाही. आणि चार माणसं बघतायत म्हणून मी खालून ढोसलं. हे मी मुलाला अजून सांगितलेलं नाही.

गादीएवढा तुकडा आला. मोठी गादी, दोघांची. धप्पकन आवाज झाला आणि मी छातीपर्यंत बर्फात. कुत्रं भुंकलं. रांगेतली माणसं धावली आणि दोन मीटरवर येऊन थांबली, नियम आठवला त्यांना. मी मात्र उभाच होतो. बर्फानंच चारी बाजूंनी धरून ठेवलं होतं, पडायला जागा कुठं होती?

सूनबाई आली. बर्फात हात घालून माझा खुबा दाबून बघितला, पायाची बोटं हलवायला लावली.

"दुखतंय कुठं?"

"नाही. पडलो का मी?"

"आबा, अहो..."

"पडलो का, तेवढं सांग."

तिनं कड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बावटा अजून माझ्या हातात, वर धरलेला.

"नाही पडलात," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. बर्फात बसून हसली. त्या म्हाताऱ्यानं मला उकरायला मदत देऊ केली, मी नको म्हटलं. काठीनं स्वतःच उकरलं. वेळ लागला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. मुलगा त्या वेळी आमच्यातला नसल्यासारखा लांब उभा होता.

सोमवारी सकाळी मी एकटा निघालो. बघतो तर कचरापेटीपासून पत्रपेटीपर्यंत सगळी पायवाट काचेसारखी. मागं फिरलो, ओट्याखालच्या प्रेसमधून मिठाचा डबा काढला, आणि मूठ मूठ टाकत गेलो. माझ्या मागून शेजारीण बाबागाडी घेऊन आली, तिची चाकं घसरली नाहीत. ती ग्रँड म्हणाली. पत्रपेटीला हात लावला, परत आलो. अंतर मैलभर भरत नव्हतं, म्हणून आणखी दोन फेऱ्या मारल्या.

दुपारी जेवताना वरण अळणी, भाजी अळणी. मुलानं घास तोंडात तसाच धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"सूनबाई, लोणचं दे," मी म्हटलं.

तिनं बरणी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "ड्यूटीवरून येताना दोन किलो मीठ आणते."