मंगळवारी होडी मिळते

मंगळवारी सकाळी किनाऱ्यावरची बडबड एकदम थांबली आणि भट्टीवरच्या तारल्या उलटणारा अराबा एशुनचा हात जागीच थबकला. सुआनो गावात मंगळवारी बडबड थांबत नाही. तो समुद्राच्या विश्रांतीचा वार. एकही होडी पाण्यात जात नाही आणि दीडदोनशे पुरुष वाळूत बसून जाळी सांधता सांधता एकमेकांच्या सासुरवाड्यांचा उद्धार करत असतात. ते गप्प होतात ते कुणी बुडालं तरच.

अराबाने धुरातून डोळे बारीक करून पाहिलं. खडकांच्या पलीकडे, खाडीच्या मुखाशी, एक लहान होडी चालली होती. तिच्यात केशरी जाकिटं घातलेली दोन गोरी माणसं बसली होती. वल्हं मारत होता तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, क्वामेना.

"काय गं, तो तुमचाच ना?" शेजारच्या भट्टीवरच्या मानसाने विचारलं. दिसत असूनही विचारलं.

"नाही, गव्हर्नरचा आहे," अराबा म्हणाली आणि हातातला चिमटा तसाच घेऊन वाळूतून निघाली. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून जुने. तरी होडी काठाला लागायच्या आत ती तिथे पोहोचली.

काठाशी माणसांची भिंत उभी होती. क्वामेनाला कुणी हात लावला नाही. दोघांनी त्याचं वल्हं काढून घेतलं आणि किनाऱ्याचे मुख्य नाना क्वेजिर यांच्या पायाशी नेऊन ठेवलं. चौघांनी होडी वर ओढली आणि वाळूत पालथी घातली. पालथी होडी म्हणजे नाना सांगेपर्यंत मालकाला समुद्र बंद. ऑगस्ट महिना, तारल्यांचे थवे काठापर्यंत येत होते. वर्षाची कमाई ह्याच सहा आठवड्यांत होते.

"जाळं नेलं नव्हतं," क्वामेना म्हणाला. "एक मासा धरला नाही. नुसतं फिरवून आणलं. मंगळवार जाळ्याला असतो, वल्ह्याला नाही, असं मला वाटलं."

"तुला वाटलं!" अराबाचा आवाज पार चर्चपर्यंत गेला असावा. "तुझ्या बापाला कधी वाटलं नाही, आजाला वाटलं नाही, त्याच्या आजाला वाटलं नाही. आणि मिशी फुटून चार दिवस झाले नाहीत तोवर तुला वाटलं!"

"मावशी, पुस्तकात तुझं नाव आहे. मी म्हटलं, तू नानांना विचारलं असशील."

गोऱ्या बाईने, जिचं नाक उन्हाने सोललं होतं, बोट घालून धरलेलं पुस्तक पुढे केलं. अराबाने ते घेतलं नाही. तेच पुस्तक तिच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जानेवारीपासून होतं.

अराबाची आई मासे धुरवायची, आजीही तेच करायची. अराबानेही बावीस वर्षं फक्त तेच केलं होतं. मग नवरा सोन्याच्या खाणीकडे गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हा तिने घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या. भट्टी चालूच राहिली आणि पाहुणेही येऊ लागले. पाहुण्यांना जे माहीत नसतं ते अराबा जिन्याखाली उभी राहून सांगायची, न विचारता. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नका. आधी विचारपूस करा, मग रस्ता विचारा. इथे रस्ता घाईत नसतो. जाळं सांधणाऱ्याचा फोटो त्याला विचारून काढा, नाहीतर तो तुमचा कॅमेरा सांधेल. खडकांच्या डावीकडे पोहू नका. एक तर तिथे ओढ आहे, दुसरं म्हणजे सकाळी सगळं गाव तिथे जातं, आणि पोहायला जात नाही. मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी पानासकट खायची नसते. गाडी भरेपर्यंत सुटत नाही, म्हणून वेळ विचारू नका, जागा मोजा. हे ऐकून पाहुणे हसायचे आणि मग बिनघोर फिरायचे. चौदा वर्षं पाहुणे. तेवढ्या काळात तिच्या घरचा एकही पाहुणा बुडाला नाही, लुबाडला गेला नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

गेल्या वर्षी कुमासीहून अग्येमान नावाचा एक गृहस्थ आला. प्रवासाची पुस्तकं लिहिणारा. समुद्राशी त्याचा संबंध ताटातल्या माशापुरता. दोन रात्री राहिला, जेवताना वही उघडून बसला. होड्या पाहायच्या तर कधी यावं, असं त्याने विचारलं. अराबा म्हणाली होती, "मंगळवारी या. सगळ्या होड्या वाळूवर, माणसं मोकळी. सोमवारी आलात तर नुसती वाळू बघाल."

जानेवारीत पुस्तक टपालाने आलं. पान दोनशे बारा. तिसऱ्या ओळीत छापलं होतं: अराबाबाईंचं घर. तिने ते नाव चर्चच्या महिला मंडळाला दाखवलं, ताकोराडीच्या गाडीवाल्याला दाखवलं, मानसाला तीनदा दाखवलं. अकरा ओळींचा परिच्छेद होता. ती तिसऱ्या ओळीवर थांबली होती.

मंगळवारी दुपारी तिने चष्मा लावून पहिल्यांदाच उरलेल्या ओळी वाचल्या. आठवी ओळ अशी होती: मंगळवारी मच्छीमार मोकळे असतात, त्या दिवशी फेरफटक्यासाठी होडी सहज मिळते, अराबाबाईंचं नाव सांगा.

तिने पुस्तक टेबलावर आपटलं, मग उचललं, मग पुन्हा आपटलं.

बुधवारी सकाळी तिने अग्येमानला फोन लावला.

"अरे वा, अराबाबाई! कशा आहात?"

"होडी पालथी आहे. तशी आहे मी." तिने सगळं सांगितलं.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू."

"कधी निघेल ती?"

"तीनेक वर्षांत."

"तीन वर्षांत एकशे छप्पन्न मंगळवार येतात, साहेब. गुरुवारी बैठक आहे. येऊन सांगा की चूक तुमची."

"बाई, गुरुवारी मला जमणार नाही. आणि खरं सांगू, ही श्रद्धेची बाब आहे. कायदा थोडाच आहे?"

"कुमासीत राजासमोर तुम्ही चपला घालून उभे राहता?"

"ते वेगळं."

"का? ते तुमचं म्हणून?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "पण माणसं मोकळी असतात, हे तुम्हीच म्हणाला होतात. माझ्या वहीत आहे."

अराबाने फोन ठेवला. तिला जास्त राग याचा आला की तो खरं बोलत होता.

गुरुवारी सकाळी बैठक भरली, बदामाच्या झाडाखाली. समोर नाना क्वेजिर, दोन्ही बाजूंना होड्यांचे आठ जुने तांडेल, मधे एबो ताविया. नानांशी थेट बोलायचं नसतं. बोलायचं एबोशी, आणि एबो ते नानांना सांगतो, मग नाना हाताच्या अंतरावर बसून सगळं ऐकत का असेनात. शब्दांना तेल लावून पुढे सरकवणं हेच एबोचं काम.

आधी निकाल जवळजवळ ठरल्यासारखाच होता. क्वामेनाने एक मेंढा आणि जिनची बाटली आणावी आणि वर्षभर या किनाऱ्यावरून होडी काढू नये. वर्षभर! दोन वर्षं दुसऱ्यांच्या होडीवर राबून त्याने ती होडी केली होती. वर्षभर पालथी राहिली तर लाकूड उन्हाने फाटून जळणाला गेलं असतं.

"मला बोलायचंय," अराबा म्हणाली.

नाना एबोकडे बघून म्हणाले, "मंगळवारी जन्मली म्हणून आईबापांनी हिला अराबा म्हटलं. मंगळवारी जन्मलेल्या बाईने मंगळवारच विकला. विचार, आणखी काय विकायचंय."

एबो वळला. "नाना म्हणतात, बोला."

"त्यांना सांग, कुमासीच्या त्या गाढवाने माझ्या नावावर खोटं छापलं."

"नाना, ती म्हणते की आतल्या मुलखातल्या सद्गृहस्थांची थोडी गफलत झाली."

"थोडी नाही! गाढव म्हणाले मी!"

"आणि ती त्याबद्दल नाराज आहे," एबो म्हणाला. मागे कुणीतरी खुदकलं.

अराबा दोन पावलं पुढे आली. "मुलाने चूक केली. त्याला अक्कल असती तर त्याने मला विचारलं असतं, आणि मी त्याच वल्ह्याने त्याला बडवला असता. त्याचा दंड त्याने भरावा. पण ती ओळ त्याने लिहिली नाही. ती जानेवारीपासून माझ्या कपाटात आहे. माझं नाव दिसलं आणि मी पुढे वाचलंच नाही. हे त्यांना सांग. हे जसंच्या तसं सांग."

एबोने सांगितलं. या वेळी जसंच्या तसं.

नानांच्या डावीकडचा म्हातारा तांडेल म्हणाला, "म्हणजे आठ महिने ही बाई ते कागद घरात ठेवून बसली, आणि आपल्याला पत्ता नाही."

हे ऐकलं आणि अराबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पत्ता नाही? एबो, याला विचार, जानेवारीत माझ्या ओट्यावर बसून ते पुस्तक कुणी चाळलं? माझी भजी खात? याने! त्या पलीकडच्याने चित्रं बघितली. आणि नानांना विचार, मी पुस्तक त्यांच्या वाड्यावर नेलं होतं की नाही? त्यांनी ते हातात घेतलं, माझं नाव बघितलं आणि म्हणाले, आता सुआनोचं नाव होणार. झालं नाव! इथे बसलेल्यांपैकी पाच जणांच्या हातात ते पुस्तक होतं. वाचलं कुणी? मी नाही वाचलं, तुम्ही नाही वाचलं. आणि वर्षभर उन्हात वाळवायचा कुणाला, तर एकट्या त्या पोराला!"

एबोला या वाक्यांना लावायला तेल सापडेना. शेवटी तो नानांकडे वळून म्हणाला, "नाना, ती म्हणते की पुस्तक तुमच्याही हातात होतं."

"ऐकू आलं," नाना म्हणाले. थेट अराबाकडे बघून म्हणाले. असं ते करत नसत.

तांडेलांची डोकी एकमेकांना भिडली. कुजबुज बराच वेळ चालली. म्हातारा तांडेल मधूनच मान जोरात हलवत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग एबोने निकाल सांगितला. मेंढा अराबाने आणायचा. बाटली नाना स्वतः देणार. क्वामेनाची होडी येत्या बुधवारी सुलटी होईल. आणि तारल्यांचा हंगाम संपेपर्यंत अराबाच्या घरच्या पाहुण्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

"म्हणजे पाहुणे माझ्याकडे करणार काय? भिंत बघणार?"

"नाना म्हणतात," एबो म्हणाला, "ते तुम्हीच त्यांना सांगाल."

बुधवारी पहाटे क्वामेनाची होडी पाण्यात गेली. जाताना त्याने मावशीकडे पाहिलं नाही, आणि मासे घेऊन आला तो तिच्या भट्टीकडे न येता मानसाकडे गेला. "आठवडा बुडाला माझा," एवढंच म्हणाला. "वाचायचं होतंस की, मावशी."

"आणि तू मंगळवार ओळखायचा होतास!" ती त्याच्या पाठीवर ओरडली. तो थांबला नाही. मानसाने टोपली आत घेतली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दहाच्या सुमाराला दारात नवे पाहुणे आले, एक तरुण जोडपं, पाठीवर मोठ्या पिशव्या, हातात तेच पुस्तक.

"अराबाबाई आपणच ना? समुद्रकिनाऱ्यावर जायचा रस्ता..."

"नाही जायचं."

"पण पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तकात माझं नावही लिहिलंय, आणि मी तुमच्यासमोर उभी आहे. आता कुणाचं ऐकणार?" तिने हात पुढे केला. "द्या इकडे."

तिने दोनशे बारावं पान काढलं, कानामागचं पेन घेतलं आणि आठव्या ओळीवर एक रेघ मारली, मग दुसरी, मग तिसरी. कागद फाटला.

"हे आमचं पुस्तक आहे," मुलगी म्हणाली.

"हो. आता वाचायच्या लायकीचं झालं." तिने ते मिटून परत केलं. "खोली आहे, पण किनारा नाही. किनारा हवा असेल तर पूर्वेकडे केप कोस्टच्या गाडीत बसा. ड्रायव्हरच्या मागे बसा, शेवटच्या ओळीत नको. तिथे तुमचे गुडघे तुमच्याच कानाला लागतील. आणि केप कोस्टला होडीत बसायचं असेल तर आधी किनाऱ्याच्या मुख्याला विचारा. मला नाही. पुस्तकाला तर नाहीच."

"आज गाडी किती वाजता सुटेल?" मुलाने विचारलं.

"वेळ नाही, जागा मोजायच्या," अराबा म्हणाली. मग तिने त्यांची जड पिशवी उचलली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली.