वडिलांच्या नावाशिवाय पुण्यात

अकोल्याच्या फलाटावर बाबांनी बजावलं, "दोन दिवस फिरून घे. काम नाही भेटलं तर सोमवारी शाळेत रुजू व्हायचं." ती नोकरी त्यांनीच शब्द टाकून मिळवलेली. मला मात्र स्वतंत्रपणे लिहून पोट भरायचं होतं, आणि ते जमेल याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. शंका इतरांनाच फार!

सकाळी पुण्यात उतरले. रिक्षावाल्याला पत्ता विचारला, तर म्हणाला, "बसणार असाल तर सांगतो." बसले. अमृततुल्यात (इकडे चहाच्या दुकानाला असं म्हणतात) वेलदोड्याचा झकास चहा घेतला आणि नारायण पेठेत लोणची-मसाल्यांच्या एका वयस्कर कारखानदारांकडे गेले. त्यांना जाहिरातींचा मजकूर लिहून हवा होता.

आमच्याकडे ओळख करून द्यायची म्हणजे आधी घराणं. मी सुरू केलं, "मी अकोल्याच्या देशमुख हेडमास्तरांची मुलगी. मूळ गाव बाळापूरकडचं. मामा तहसीलदार..."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मजकूर हेडमास्तर लिहिणार आहेत का?"

"नाही, मी."

"मग आपल्याबद्दल अजून काहीच बोलला नाहीत आपण."

अस्सा राग आला! काम तर गेलंच, पाणीसुद्धा विचारलं नाही. पण जिना उतरता उतरता मनातून पटलं होतं.

जेवायला खानावळीत गेले, तर आमटीत गूळ. आमटीत! ठेचा मागितला तर वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "ठेचा नाही. लिंबाची फोड आहे." तीच पिळून जेवले.

दुपारी बसने येरवडा गाठलं. तुरुंगाची लांबलचक भिंत मागे पडली की काचेच्या इमारती सुरू होतात. काल-परवापर्यंत इथं माळ होता, असं कंडक्टर सांगत होता. एका सॉफ्टवेअर कंपनीनं गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम बनवला होता, आणि तो कसा वापरायचा याची मराठी पुस्तिका हवी होती.

मॅनेजर माझ्याच वयाचा. "मॅडम, कॉम्प्युटरचा काही एक्सपिरियन्स?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "तुमच्या केंद्रावरच्या माणसालाही नाही. तो कुठे अडेल ते तुमच्याआधी मला कळेल. एक पान लिहून दाखवते."

तो हसला, पण शेजारी खुर्ची दिली. मी बावळट वाटतील असे सगळे प्रश्न न लाजता विचारले आणि पान लिहिलं. त्यानं ते हिशेब बघणाऱ्या कुलकर्णीबाईंना दिलं. त्यांनी तो प्रोग्रॅम कधी उघडलाही नव्हता. वाचत वाचत त्यांनी बटणं दाबली, आणि प्रिंटरमधून दुधाची पावती बाहेर आली.

"झालं की! यात अवघड काय होतं?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, पूर्ण पुस्तिका तुम्हीच लिहा," मॅनेजर म्हणाला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून विचार करत होते. बाबांचं नाव मी आजवर छत्रीसारखं धरून चालत आले. ते एक दुपार मिटून ठेवलं, म्हणून त्यांच्यावरचा जीव काही कमी झाला नाही. फक्त हात मोकळे झाले.

बाबा न्यायला आले होते.

"शाळेत नाही म्हणून कळवा, बाबा. काम मिळालं."

"पुण्यात? कोनाच्या ओळखीनं?"

"माझ्या."